‘माका कळूक नाय’ म्हणणारं मशीन

घरातलं माणूस गेलं की लोक भेटायला येतात, पिठलं-भात आणून देतात, दहा दिवस कोणी कामाचं बोलत नाही. सहकारी गेला तर त्याचं सुतक नसतं. अनंत गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसमधून मला फोन आला आणि विचारलं ते हे, की त्याच्या संगणकाचा पासवर्ड काय होता. मला तो ठाऊक होता. मी म्हटलं, “तेराव्यानंतर विचारा.” पलीकडून “ओके मॅम” म्हणून फोन ठेवला गेला.

मी कमी बोलणारी बाई. नोकरीत आवाज चढवला असं कोणी म्हणणार नाही. पण त्या दिवसापासून नाही म्हणायची जी सवय लागली ती अजून सुटलेली नाही, आणि आता सोडायचा विचारही नाही. त्या नाही म्हणण्याचीच ही हकिगत आहे.

अंधेरी पूर्वेला, मरोळच्या बाजूला, एका औद्योगिक वसाहतीत आमचा गाळा होता. खाली लेथ, वर आम्ही. मोठमोठ्या लॉन्ड्र्यांत कपडे धुण्याची जी यंत्रं असतात, माणूस उभा राहील एवढ्या पिंपाची, त्यांचा मेंदू आम्ही बनवायचो. मेंदू म्हणजे हिरव्या रंगाचं एक सर्किट बोर्ड, एक छोटा पडदा आणि एक कीबोर्ड. विमानतळाजवळची हॉटेलं, सांताक्रूझची एक-दोन मोठी हॉस्पिटलं, यांच्या चादरी ज्या लॉन्ड्र्यांत जातात तिथे आमचे बोर्ड होते.

अशा यंत्राला दरवेळी नवं काही सांगावं लागतं. टॉवेल वेगळे, पडदे वेगळे, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे वेगळे. परदेशी यंत्रांवर त्यासाठी बटणं असतात, एक ते सहा, आणि सातवी गरज निघाली की कंपनीचा माणूस बोलवावा लागतो. अनंतला ते पटत नव्हतं. तो म्हणायचा, “जो कपडे धुता, तेणाच सांगूक व्हया कशे धुवचे ते.” तो वेंगुर्ल्याकडचा. त्याचे वडील गिरणीत होते आणि गिरण्या बंद झाल्यावर त्यांच्या हातातल्या कलेला कोणी विचारलं नाही, हे त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. म्हणून आम्ही एक छोटी भाषा केली. लॉन्ड्रीतल्या बाईने किंवा बाप्याने एकेका ओळीत एकेक हुकूम लिहायचा आणि यंत्राने तो पाळायचा. असा:

भर ६०
साबण २
तापव ७५
टिकव २०
उपस
पिळ
थांब

साठ लिटर पाणी घे, दोन मापं साबण टाक, पंच्याहत्तर अंशांपर्यंत तापव, वीस मिनिटं तेवढंच टिकव, पाणी काढून टाक, पिळून काढ, थांब. भाषा म्हणजे एवढीच. तिच्यात कविता होणार नाही, पण चादर धुऊन निघते.

आता, ओळ लिहिली तरी ती यंत्राला कळायची कशी? इथे माझं काम सुरू होत असे. याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. आम्ही ‘साचा’ म्हणायचो. तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो, त्याला सांगून ठेवलेलं असतं की आत येणाऱ्याने फ्लॅटचा नंबर सांगायला हवा: आधी विंगचं एक अक्षर, मग तीन आकडे. त्याला तुमच्या घरात कोण राहतं ठाऊक नसतं. तो फक्त सांगितलेल्याचा आकार बघतो. आकार बसला तर आत, नाही तर बाहेर. साचा हेच करतो. ‘तापव’चा साचा असा होता:

^तापव +([०-९][०-९])$

घाबरू नका. पहिली टोपी म्हणजे ओळ इथूनच सुरू झाली पाहिजे. मग ‘तापव’ हा शब्द. मग एक किंवा जास्त मोकळ्या जागा. मग दोन आकडे. त्यांच्याभोवतीचा कंस म्हणजे यंत्राची मूठ, तेवढं त्याने उचलून घ्यायचं. आणि शेवटचं डॉलरचं चिन्ह म्हणजे ओळ इथेच संपली पाहिजे. पुढे एक अक्षरही चालणार नाही. माझ्या सगळ्या नोकरीत मी ज्या एका गोष्टीसाठी भांडले ती हे शेवटचं चिन्ह.

मोठ्या कॉलेजांतून आलेली मुलं आमचे साचे बघून हसत. भाषा वाचायला साचे वापरणं म्हणजे पोरखेळ, असं पुस्तकात लिहिलेलं असतं, आणि ते खरंही आहे. कंसात कंस, त्यात आणखी कंस अशी भाषा असेल तर साच्यांना ते झेपत नाही. पण आमच्या भाषेत कंस नव्हतेच. एक ओळ, एक काम. वरणभाताला चार काटे-चमचे लागत नाहीत. मी हे त्यांना सांगत असे आणि पुन्हा माझ्या पडद्याकडे वळत असे.

शेवटच्या चिन्हाची गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

फिलोमिना, म्हणजे फिलू, मरोळच्या गावठाणातली. तिचं घर चर्चच्या मागच्या गल्लीत आहे, आजोबांची तिथे भातशेती होती, आता तिथे काचेची इमारत आहे. ती जवळच्या एका लॉन्ड्रीत मशीन चालवते. आमचा सर्वांत पहिला बोर्ड तिच्या मशीनवर बसला. तिथे साबणाचं पाणी सतत उडतं, म्हणून कीबोर्डवर जाड प्लॅस्टिक आणि हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. त्या मोज्यांनी कोपऱ्यातली खोडायची बारीक कळ दाबली जातच नसे. मग फिलूने आणि तिचं बघून बाकीच्यांनी स्वतःची रीत काढली. आकडा चुकला तर खोडायचा नाही, पुढे दुरुस्त करायचा. ‘तापव ७५ नको ४०’. बोलताना आपण करतो तसंच.

यंत्र अर्थातच अशी ओळ घेईना. शेवटचं चिन्ह होतं ना. ते थांबायचं आणि पडद्यावर ‘त्रुटी ४’ असं यायचं. फिलू मला म्हणाली होती, “चार म्हणजे काय? एक, दोन, तीन कुठे गेल्या? आणि माझ्या अंगावर ओरडतो का हा?”

अनंतला दया आली. एका दुपारी, मी जेवायला गेले असताना, त्याने ते शेवटचं चिन्ह काढून टाकलं. म्हणजे आकड्यापुढे कोणी काही लिहिलं तरी यंत्र दुर्लक्ष करणार. सगळ्यांना सोपं. त्या आठवड्यात लॉन्ड्रीत सगळे खूश होते.

मग एका हॉटेलच्या लोकरी ब्लँकेटांची गोण आली. फिलूने लिहिलं, ‘तापव ७५ नको ४०’. यंत्राने ७५ पर्यंत वाचलं, साचा बसला, पुढचं सोडून दिलं. पंच्याहत्तर अंशांच्या पाण्यात लोकरीचं काय होतं ते सांगायची गरज नाही. दार उघडलं तेव्हा आत ब्लँकेटं नव्हती, बसायच्या आसनाएवढे जाड, घट्ट तुकडे होते. अनंत स्वतः हॉटेलात गेला, हात जोडले, सगळं स्वतःवर घेतलं आणि त्यातला एक तुकडा मागून आणला. तो त्याने स्वतःच्या खुर्चीवर घातला आणि शेवटपर्यंत त्यावर बसला.

“टोचत नाही का रे?” मी एकदा विचारलं.

“टोचता म्हणानच बसतंय, मास्तरीणबाई,” तो म्हणाला.

मास्तरीणबाई हे मला त्याने दिलेलं नाव. मी चिन्ह परत लावलं आणि त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. तो म्हणायचा माणसं चुकणारच, यंत्राने सांभाळून घ्यायला हवं. मी म्हणायचे यंत्राने सांभाळून घेतलं की माणूस बघायचं सोडतं. शेवटी आम्ही जे केलं ते दोघांचंही होतं. चिन्ह राहिलं. पण ‘नको’साठी आम्ही एक वेगळा, पुरा साचा केला. तशी ओळ आली की यंत्र विचारणार, ‘म्हणजे ४० ना?’ आणि फिलूने ‘हो’ची मोठी कळ दाबेपर्यंत थांबून राहणार. आणि ‘त्रुटी ४’ गेली. कुठल्याच साच्यात न बसणारी ओळ आली तर पडद्यावर काय दाखवायचं ते अनंतने लिहिलं:

माका कळूक नाय. परत सांग.

मी म्हटलं, “अरे, हे काय? गिऱ्हाइकं काय म्हणतील?”

“माझी आवस, म्हणजे आई, असाच म्हणता. कळूक नाय तर कळूक नाय म्हणूचा. त्यात लाज कसली? आणि बघ, ह्या ‘तू चुकलंस’ म्हणणा नाय. आपल्यावर घेता.”

मी त्याच्याकडून मालवणी शिकावं म्हणून त्याने बरेच प्रयत्न केले. माझ्या तोंडून ती कधी निघाली नाही. पुस्तकी मराठीची जीभ ती. पण ते वाक्य मी राहू दिलं.

त्याचे साचे कसे वाढत गेले ते सांगितल्याशिवाय अनंत कळणार नाही. सांताक्रूझला एका लॉन्ड्रीचे मालक होते, धोतर नेसणारे, शिस्तीचे. ते प्रत्येक कामाच्या आधी पहिल्या ओळीत ‘श्री’ लिहायचे, जसं आपण कागदावर वर लिहितो. यंत्र म्हणालं, माका कळूक नाय. मालकांचा फोन आला. अतिशय दुखावलेल्या आवाजात ते म्हणाले, “बाई, तुमच्या यंत्राला श्री कळत नाही?”

मी त्यांना समजावायला निघाले होते की ते कामाचं नाही, लिहू नका. अनंतने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाला, “काका, उद्यापासून कळात.” आणि एक साचा वाढवला: ओळीत फक्त ‘श्री’ असेल तर ती मान्य करायची आणि काहीही न करता पुढे जायचं. फिलूला हे समजलं तेव्हा ती म्हणाली, “मग माझा क्रॉस?” त्याच साच्यात अधिकचं चिन्ह जोडलं गेलं. ती आजही पहिल्या ओळीत ते टाकते.

मी तेव्हा कुरकुरले होते. आता मला वाटतं की त्याने एकदाही यंत्र सैल केलं नाही, ब्लँकेटांची ती एक दुपार सोडून. त्याने यंत्राला एकेक नवी गोष्ट पुरती शिकवली. आमच्या प्रत्येक साच्यामागे एक चेहरा होता. हा कोणासाठी, तो कोणासाठी, हे मी अजून सांगू शकते.

अनंत गेल्यावर काही महिन्यांतच गाळा एका मोठ्या कंपनीने घेतला. मी निवृत्तीला आले होते. कंपनीने पाठवलेला मुख्य माणूस कार्तिक नावाचा तिशीतला मुलगा. वाईट मुलगा नव्हता. अनंतची खुर्ची त्याने कोणाला दिली नाही, हे मी विसरणार नाही. पण तो जे घेऊन आला होता त्याचं नाव ‘स्मार्ट मोड’.

“मॅम, आपलं मशीन एरर देतंच कशाला?” त्याने पहिल्याच बैठकीत विचारलं. “युजरने काहीही टाइप करू दे ना. सिस्टिम ओळखेल त्याला काय म्हणायचंय. आधी त्याने काय काय चालवलं, कधी चालवलं, सगळा डेटा आहे आपल्याकडे. नव्वद टक्के बरोबर येईल, हळूहळू शंभर.”

“आणि ‘माका कळूक नाय’?”

“ते तर काढायलाच लागेल, मॅम. म्हणजे क्यूट आहे, पण ब्रँडला शोभत नाही. आपलं प्रॉडक्ट कस्टमरला ‘मला कळत नाही’ असं कसं म्हणेल?”

त्याने मला काम दिलं ते हे: जाण्यापूर्वी माझे साचे काढून तिथे ही नवी व्यवस्था बसवायची आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या मशीनवरही ती घालायची. मी नाही म्हटलं. खोलीतल्या माझ्या ओळखीच्या लोकांनी माना खाली घातल्या.

मी त्याला समजावलं, आवाज न चढवता. हॉटेलची ब्लँकेटं आटली तर दिसतात. पण हॉस्पिटलची चादर? ती कमी तापमानाला धुतली तरी पांढरीशुभ्रच निघते, वासही छान येतो. फक्त तिच्यातले जंतू मेलेले नसतात. ते कोणाला दिसत नाही. ज्याला ताजे टाके पडलेत तो त्या चादरीवर झोपतो. म्हणून जे कळलं नाही ते कळलं नाही असं सांगणारं यंत्र मला हवं आहे. अंदाज बांधणारं नको.

“मॅम, रागावू नका,” कार्तिक म्हणाला. “तुम्ही जरा इमोशनल आहात यात. अनंत सरांमुळे. आय अंडरस्टँड.”

“आहे,” मी म्हटलं. “त्यामुळे माझं गणित चुकत नाही.”

खोटं कशाला बोलू, मी घरी जाऊन रडले. मग वाटलं, कदाचित तो बरोबर असेल. अनंतलाही हेच हवं होतं ना? सांभाळून घेणारं यंत्र. तो असता तर कदाचित माझ्याविरुद्ध कार्तिकच्या बाजूने बसला असता. मेलेल्या माणसाशी भांडणं कठीण असतं, कारण तो माघार घेत नाही.

मी नकार दिल्यावर दुसऱ्या कोणीतरी ते काम केलं आणि पहिल्यांदा ते बसवायचं ठरलं फिलूच्या मशीनवर. मी मुद्दाम गेले. मनातल्या मनात मी वाट बघत होते की ते चुकेल.

ते चुकलं नाही. फिलूने मोजे घालून काय काय आडवंतिडवं लिहिलं, अर्धे शब्द, ‘नको’ दोन-दोनदा, साबण शेवटी, आणि यंत्राने दरवेळी बरोबर ओळखलं. ‘हो’ दाबायचंही काम उरलं नाही. लोक टाळ्या वाजवायला लागले. कार्तिक माझ्याकडे बघून हसला, त्यात कुचेष्टा नव्हती.

“बरा आहे की गं हा,” फिलू मला म्हणाली. “तुमचा तो म्हातारा बोर्ड सारखा कळूक नाय, कळूक नाय. डोकं खायचा.”

मी म्हटलं, “फिलू, हा एकदाही थांबला नाही.”

“मग? थांबायला काय, चहा प्यायचाय त्याला?”

सगळे हसले. मीही हसले असेन. जाताना कार्तिकला मी म्हटलं, “मला हेच नको आहे. तो चुकला असता तर मी निश्चिंत झाले असते.” त्याला ते समजलं नाही आणि मला ते याहून बरं मांडता आलं नाही.

नव्या व्यवस्थेसाठी नवा बोर्ड लागला होता; मशीनवरून काढलेला जुना तिथेच भंगाराच्या गोणीत पडला होता. अनंतने स्वतःच्या हाताने जोडलेला, कोपऱ्यात त्याने मार्करने काढलेली माडाची बारीक झावळी. मी तो उचलला. “हा मी नेतेय,” मी लॉन्ड्रीच्या मालकांना आणि कार्तिकला, दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं.

“घ्या ना मॅम,” कार्तिक म्हणाला. “आता त्याचं काय करणार कोणी?”

त्याच महिन्याच्या शेवटी मी निवृत्त झाले. नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. अनंतच्या खुर्चीवरचा तो आटलेला ब्लँकेटचा तुकडा मी मागून घेतला. बोरिवलीच्या घरी बोर्ड त्यात गुंडाळून पुस्तकांच्या कपाटात ठेवला आणि वाचायला बसले. वाचून होत नसे. एकच पान बराच वेळ उघडं राही.

फिलूचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते.

“ताई, तो गप्प झालाय,” ती म्हणाली.

“बंद पडलाय?”

“नाही गं. चालतोय. पण कशालाच नाही म्हणत नाही. काहीही लिही, हो म्हणतो. माझ्या सासूसारखं, बहिरी झाली तेव्हापासून ती पण सगळ्याला हो म्हणायची. म्हणून आज मी मुद्दाम लिहिलं ‘टायगर’.”

टायगर हे तिच्या मांजराचं नाव. मला ठाऊक होतं.

“मग?”

“मग काय, लागला धुवायला. पाणी घेतलं, साबण घेतला, तापला. सकाळी दहाला नेहमी काय चालतं, तेच चालवलंन.”

“आत काय होतं, फिलू?”

“रिकामा होता. मी काय वेडी आहे?” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “ताई, टायगर लिहून धुतो, तर गेल्या महिन्यात मी मोज्यातून काय काय लिहिलं असेल? आणि ह्याने त्याचं काय काय समजून घेतलं असेल? मला काय कळणार? चादर तर पांढरीच येते.”

मी भाजीचं ताट बाजूला सरकवलं. कार्तिकला जे मला नीट सांगता आलं नव्हतं, ते हे होतं.

“आता काय करतेयस?” मी विचारलं.

“हॉस्पिटलचं सगळं परत धुतेय. प्रत्येक वेळी पडद्यावरचं तापमान बघत उभी राहते. पाय सुजलेत. तो म्हातारा तुझ्याकडे आहे ना?”

तिने मालकांना सांगितलं होतं. मालक माझ्याशी फोनवर बोलले, अगदी थोडक्यात: मशीन आमचं, बोर्ड आमचा, तुम्ही या. मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. गोरेगावला बस बदलून आरेतून मरोळकडे जाणारी बस घेतली. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत ते आटलेलं ब्लँकेट, त्यात बोर्ड. बाहेर गोठे आणि झाडं मागे जात होती आणि मी अनंतशी भांडत होते. म्हटलं, तुला सांभाळून घेणारं यंत्र हवं होतं ना? पण तू सांभाळायचास ते विचारून. ‘म्हणजे ४० ना?’ असं विचारून. काकांना फोन करून. तुझ्या सांभाळण्यात समोरच्याचं ऐकणं होतं. हे जे आलंय ते ऐकत नाही, हे नुसतं होकार देतं. तू त्या दिवशी माझ्याच बाजूने बसला असतास. नसतास बसला, तर मी तुला बसवलं असतं.

बोर्ड बसवायला फार वेळ लागला नाही. हाताला ठाऊक होतं. चार स्क्रू, दोन पट्ट्या, आणि पडद्यावर ती जुनी, जराशी पिवळट अक्षरं आली. फिलूने मोजे चढवले. आधी तिने अधिकचं चिन्ह टाकलं. यंत्राने ते मान्य केलं आणि काहीही केलं नाही. मग माझ्याकडे बघत तिने लिहिलं, ‘टायगर’.

यंत्र थांबलं.

माका कळूक नाय. परत सांग.

“आला बघ,” फिलू म्हणाली. तिने मोज्याच्या मागच्या बाजूने डोळा पुसला, साबणाचं पाणी गेलं असेल. मग ओळ न खोडता, कारण ती कळ अजूनही दाबली जात नाही, तिने खाली नवी ओळ लिहिली आणि हॉस्पिटलच्या चादरी आत भरल्या. तापमान पंच्याहत्तरला गेलं आणि तिथे टिकलं. आम्ही दोघी ते बघत उभ्या होतो.

मी बाहेर पडत होते तेव्हा कार्तिकचा फोन आला. त्यांच्या ऑफिसातल्या पडद्यावर फिलूचं मशीन दिसेनासं झालं होतं.

“मॅम, तुम्ही जुना बोर्ड परत लावलात?”

“लावला.”

“आमचा सपोर्ट मिळणार नाही त्यांना.”

“मी देईन.”

“मॅम, हे असं नाही करता येत. कोणाच्या परमिशनने केलंत तुम्ही हे?”

मी रस्त्यावर उभी होते. हातातली पिशवी आता हलकी होती. तीत ब्लँकेटचा तो तुकडा तेवढा राहिला होता, टोचरा. पुस्तकी मराठीची माझी जीभ. इतकी वर्षं त्याने शिकवून न वळलेली.

“माका कळूक नाय,” मी म्हटलं. “परत सांग.”